गवती छपराखालची इंग्रज बाई

गोदामाला भूत लागत नाही. हे मी अनुभवावरून सांगतो, कारण दुबईतल्या अल क्वोज आणि रास अल खोरमधली निम्मी गोदामं माझ्या देखरेखीखाली उभी राहिली आहेत (निम्मी म्हणजे पाच-सहा, पण घरी मी निम्मी असंच सांगतो). लोखंडी खांब, पत्रा, शटर, खलास. त्यात भुताने राहायचं कुठे? भुताला कोनाडे लागतात, कुरकुरणारं लाकूड लागतं, आणि आतून किती खोल आहेत याचा पत्ता न लागणाऱ्या जाड भिंती लागतात. हे सगळं साहित्य मी एकदा स्वतः उभं राहून पुरवलं.

अबू सैफ हे आमच्या कंपनीचे जुने गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. एक दिवस त्यांनी मला बोलावून एक पिवळा पडलेला फोटो दाखवला. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये शिकायला होते, तेव्हा एका खेड्यात एका विधवा बाईंच्या घरी भाड्याने राहत. फोटो त्या घराचा होता. दगडी भिंती, वर गवताचं हातभर जाड छप्पर, आणि त्या छपराच्या खालून, डोळे किलकिले करून कुणी बघावं तशा, दोन खिडक्या. बाई कधीच वारल्या होत्या आणि घरही पाडलं गेलं होतं.

"मुहंदिस," ते मला म्हणाले (इंजिनिअरला इकडे असंच म्हणतात), "ढैदच्या माझ्या शेतावर मला हेच घर पाहिजे. याच्यासारखं नको. हेच पाहिजे."

मी "इन्शाल्ला" म्हणालो. शारजात एखाद्याला नाही म्हणण्याची ती सभ्य पद्धत आहे. पण अबू सैफ जुन्या वळणाचे. त्यांनी शब्दाचा खरा अर्थ (देवाची मर्जी असेल तर होईल) घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात दगड येऊन पडले.

मग मी इंग्लंड शिकलो. तिकडच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. दार इतकं बुटकं असतं, की आत शिरताना माणूस आपोआप नम्र होतो. खिडक्या लहान, काचा शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या. डोक्यावर काळ्या लाकडाच्या तुळया. बैठकीच्या एका भिंतीत चुलाणं, तेही एवढं मोठं, की आत बाकडं टाकून दोन माणसं शेकत बसतील. गवत शाकारायला खास इंग्लंडहून दोन कारागीर आले. त्यांनी पाणथळीतल्या गवताच्या पेंढ्या बांधून, कापून, चोपून असं छप्पर केलं की रजई पांघरल्यासारखं घर ऊबदार दिसायला लागलं. जाताना आढ्यावर गवताचाच एक पक्षी करून बसवला. ती म्हणे त्यांची सही. पक्षी कुठल्याही बाजूने पाहिला तरी आपल्याकडेच बघतो, हे ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

माझी स्वतःची करामत एकच. या घराला एसी दिसता कामा नये, अशी मालकांची अट होती. मी मशीन माळ्यावर लपवलं आणि हवेचे पाइप चिमणीतून फिरवले. चिमणीत धूर जाणारच नव्हता, मग जागा वाया का घालवा? या कल्पनेबद्दल मी ऑफिसात स्वतःची पाठ बरीच थोपटून घेतली होती. चुलाण्याशेजारची भिंत ड्रॉइंगपेक्षा तीन फूट जास्त जाड झाली आहे, हेही मला मधे एकदा दिसलं होतं. ते मी इंग्लंडच्या थंडीवर ढकललं आणि पुढच्या कामाला लागलो.

घर पुरं झालं तेव्हा अबू सैफ म्हणाले, की रिकामं घर मी ताब्यात घेणार नाही. घराला आधी आवाज कळले पाहिजेत. तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे, लेकरू आहे. शनिवार-रविवार तुम्हीच जाऊन राहा, मग मी येऊन बघतो आणि हो-नाही सांगतो. माझं पुढचं प्रमोशन त्या हो-नाहीवर टांगलेलं होतं. शिवाय दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या माणसाला फुकटचं फार्महाउस! मी घरी जाऊन बॅगा भरायला सांगितल्या.

घरी आम्ही चौघं. मी, बायको मेधा, पाचवीतली मुलगी इरा, आणि त्या हिवाळ्यात मिरजेहून आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांना कशाची भीती वाटत नाही; जी वाटायची ती मुलींनी शाळेतच संपवली, असं त्या म्हणतात.  घर पाहून त्या म्हणाल्या, की आमच्या वडिलांनी गवताचं छप्पर जाऊन कौलं यावीत म्हणून नवस केला होता. या माणसाला देवाने तेल दिलं, आणि हा गवताकडे निघाला.

मी कौतुकाने दार उघडून "या आई" म्हटलं आणि चौकटीवर कपाळ आपटलं. मेधाही आपटली. सासूबाई आणि इरा बेताच्या उंचीमुळे सुखरूप आत गेल्या.

शेतावर राखणीला खान नावाचा एक पेशावरकडचा माणूस होता. सहा फूट उंच, दणकट. त्याने सामान उंबरठ्यापर्यंत आणलं आणि तिथेच ठेवलं. आत ठेव म्हटलं तर त्याने कानाला हात लावला. मी कारण विचारलं.

"साब, ये घर साँस लेता है," तो म्हणाला, आणि गाडीच्या वेगाने आपल्या केबिनकडे गेला.

मी हसून बायकोला समजावलं, की तो एसीचा आवाज आहे. मेधा म्हणाली, एसी तू लावलाच कुठे आहेस? थंडी आहे.  संध्याकाळ होत आली होती. आणि खरोखर, डोक्यावरून कुठूनतरी लांब, सावकाश असा श्वास आत घेतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो सोडल्याचा. गवत निवताना आकसतं, असं त्या इंग्रज कारागिरांनी मला सांगितलं होतं. मी ते मेधाला सांगितलं. माझा आवाज नको तितका मोठा आला.

जेवताना माडीवरून गुणगुणण्याचा आवाज येत होता. बाईचा, बारीक, एकाच ओळीशी घोटाळणारा. सासूबाईंना औषध घ्यायचं होतं म्हणून त्या आधीच जेवून वर गेल्या होत्या. मी मेधाला म्हटलं, "बघ, आईंना घर आवडलं."

सकाळी उठलो तर खिडकीबाहेर जग नव्हतं. हिवाळ्यात या भागात कधीकधी धुकं पडतं, पण हे धुकं वेगळंच होतं; दुधाच्या पातेल्यात घर ठेवल्यासारखं. मेधा सासूबाईंना उठवायला वर गेली आणि धावत खाली आली. अंथरूण रिकामं होतं. चपला नव्हत्या. शाल नव्हती.

सासूबाई रोज सकाळी फिरायला जातात. मिरजेत जातात, शारजात जातात. त्या फिरायला बाहेर पडल्या असणार आणि धुक्यात रस्ता चुकल्या असणार, याबद्दल आमच्या मनात शंकाच राहिली नाही. कुंपणापलीकडे नुसती वाळू.  मेधाने खानला गाठलं, त्याने पिकअप काढली, आणि दोघं दिवे लावून, हॉर्न वाजवत कुंपणाच्या कडेने निघाले. पिकअप चार हातांवर गेली आणि धुक्याने पुसून टाकली. पाठोपाठ हॉर्नही लांबचा वाटायला लागला.

मी इराला घरात बसवून पायी निघालो. "आई! ओ आई!" अशा हाका मारत गेलो. धुक्यात हाक पुढे जात नाही, आपल्याच तोंडाभोवती फिरते. खजुराची झाडं एकदम समोर यायची, माणसासारखी. मी सरळ चालत होतो, याची मला पक्की खात्री होती. आणि मग समोरच्या पांढऱ्यातून दोन किलकिले डोळे उघडले. वर तो पक्षी माझ्याकडे बघत होता. सरळ चालत मी घराशीच परत आलो होतो.  आत पळालो. कपाळ परत त्याच जागी आपटलं.

इरा चुलाण्यासमोर मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, द वॉल इज नॉकिंग."

मी ऐकलं. ठक, ठक. थांबून पुन्हा ठक. चुलाण्याच्या आतून, वरून, बाजूने, नेमकं कुठून ते कळेना. मग त्या काळ्या पोकळीतून एक बाईचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा घुमणारा, म्हातारा आवाज.

 इंजिनिअरिंगची चार वर्षं, पत्र्याच्या शेडींची इतकी वर्षं, सगळं एका क्षणात गळून पडलं, आणि मनात एकच वाक्य राहिलं : बाई परत आल्या. ज्यांचं घर मी दगड न् दगड हुबेहूब उभं केलं, त्यांना आपलं घर ओळखू येणार नाही का? मीच त्यांना बोलावलं होतं. आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या सासूबाईंना...

"बाबा," इरा म्हणाली, "दॅट्स आजी."

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, की बाळा, आजी बाहेर आहे, मम्मा आणतेय तिला. मग सगळं धैर्य गोळा करून मी चुलाण्यासमोर वाकलो. बाई इंग्रज, तेव्हा बोलायचं इंग्रजीतच, एवढं भान मला होतं.

"एक्स्क्यूज मी," मी म्हणालो. "हॅव यू सीन ॲन ओल्ड लेडी?"

ठकठक थांबली.  मग तो आवाज, एकेक शब्द सुटा करत, म्हणाला,

"आय ॲम ओल्ड लेडी."

 मला दुसरं काही सुचेना. भुताची इच्छा विचारावी, पुरवावी, म्हणजे ते सोडतं, असं लहानपणी ऐकलेलं तेवढं आठवलं.

"व्हॉट डू यू वॉन्ट?"

"टी," आवाज म्हणाला.

आता राहिलेली शंकाही फिटली. इंग्रज बाई, मेल्यानंतर इतक्या वर्षांनी, सकाळच्या वेळी दुसरं काय मागणार? मी इराचा हात धरून स्वयंपाकघरात गेलो आणि आयुष्यातला सगळ्यात काळजीपूर्वक चहा केला. चांगला कप शोधला. बशी शोधली. चुलाण्याच्या दगडावर कप ठेवला, दोन पावलं मागे सरकलो आणि (हे मेधाला इराने सांगितलं, नाहीतर मी सांगणार नव्हतो) हात जोडले.

"टी इज रेडी, मॅडम," मी म्हणालो. "प्लीज रिटर्न माय मदर-इन-लॉ."

आतून आवाज आला, "आलं घातलंय का?"

इथे कुठल्याही माणसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडेल. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की रात्रभरात भूत मराठी शिकलं.

"प्रसादराव, तुम्ही आहात होय तिथे?" भूत म्हणालं. "मग इंग्रजीत काय विचारत होता? मला वाटलं मालकांचा कुणी साहेब आला. म्हटलं चार वाक्यं बोलावीत, जावयाची अब्रू जाऊ नये."

मी तिथेच खाली बसलो.  इराने फक्त एक सुस्कारा सोडला, तिच्या आईसारखा.

मग हळूहळू उलगडा झाला. सासूबाई फिरायला जायला तयार झाल्या होत्या, चपला घातल्या होत्या, शाल घ्यायला त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. शाल आत मागे पडली होती. ती ओढायला त्या कपाटात पुढे झाल्या, तर मागची फळी दारासारखी आत गेली. पलीकडे अरुंद, वळणाच्या पायऱ्या. भूगोलाची शिक्षिका पायऱ्या बघून परत फिरेल कशी? त्या खाली उतरल्या, तळाशी दार बंद होतं, आणि वरची फळीही मागे आपोआप मिटली होती. तेव्हापासून त्या दोन भिंतींच्या मधे बसून होत्या, आणि माझ्या सुप्रसिद्ध हवेच्या पाइपांतून त्यांचा आवाज चिमणीभर घुमत होता. त्या जाड भिंतीत जिना होता आणि तो मलाच माहीत नव्हता.

मी फोन करून मेधाला आई सापडल्याचं कळवलं. कुठे, या प्रश्नाला "भिंतीत" असं उत्तर दिलं आणि फोन ठेवला. आता मर्दुमकी दाखवायची वेळ होती. इराला सांगितलं, इथे बस, मी आजीला घेऊन येतो. माडीवर गेलो, कपाटाची फळी ढकलली, आत पाय टाकला.

"फळी धरून ठेवा," खालून सासूबाई म्हणाल्या.

त्या वेळेपर्यंत ती मिटली होती.

असा अंधार मी पूर्वी पाहिलेला नव्हता. दोन्ही खांद्यांना गार दगड. चाचपडत खाली उतरलो. फोन चुलाण्यापाशी कपाशेजारी राहिला होता. आणि तेवढ्यात, अगदी कानाशी, घराने श्वास घेतला. लांब, सावकाश. मग सोडला. त्या हवेला जुन्या लोकरीसारखा वास होता. मला नेमकं माहीत होतं, की हे आकसणारं गवत आहे. मला नेमकं माहीत होतं, की ही चिमणीतून खेळणारी हवा आहे. मी सासूबाईंचा पदर घट्ट धरला आणि "मेधा! मेधा!" असा टाहो फोडला. टाहो संपल्यावर जे सुरू झालं त्याला दुसरा शब्द नाही. मी रडत होतो.

"घाबरू नका हो," सासूबाई माझा हात थोपटत म्हणाल्या. "मी आहे ना."

खानने सकाळीच अबू सैफना फोन केला होता, की मेहमानांची म्हातारी हरवली. ते शारजाहून तसेच निघाले. मेधा, खान आणि ते एकाच वेळी दाराशी पोचले. आत चुलाण्यातून पुरुषाचं रडणं येत होतं, आणि एक म्हातारी कुठल्यातरी अनोळखी भाषेत त्याची समजूत घालत होती. खान तिथूनच मागे फिरला. अबू सैफ मात्र थबकले नाहीत. ते सरळ चुलाण्याशेजारच्या लाकडी फळ्यांपाशी गेले, वाकून खालच्या फळीमागे बोट घातलं, आणि खटका ओढला. दार उघडलं. उजेडात आधी सासूबाई आल्या, मागून त्यांच्या पदराला धरून कंपनीचा सीनियर प्रोजेक्ट मॅनेजर.

मी मालकांकडे बघू शकलो नाही. तेच खाली बघत होते. त्या इंग्लंडमधल्या घरात असाच जिना होता, ते म्हणाले. रात्री उशिरा आलं की बाईंना चाहूल लागू न देता ते त्यावरून वर जात. तो त्यांना हवाच होता. मला सांगितलं असतं तर मी नियम दाखवले असते, म्हणून त्यांनी परस्पर सुताराला धरून तो करून घेतला. फळी आतून उघडायला खटका लावायचा मात्र राहून गेला. त्यांनी सासूबाईंची माफी मागितली, तीही उभं राहून, छातीवर हात ठेवून.

मग सगळ्यांनी आल्याचा चहा घेतला. बोलता बोलता मेधा आईला म्हणाली, की काल संध्याकाळी तू इतकी छान गुणगुणत होतीस, आणि सकाळी हे असं.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी कधी गुणगुणते का? गोळी घेतली आणि झोपले. मला वाटलं, खाली तूच म्हणतेयस."

 मेधाने माझ्याकडे पाहिलं, मी इराकडे पाहिलं. अबू सैफनी कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, काय म्हणतात या? मी सांगितलं. ते चुलाण्याकडे वळले. बाई पीठ मळताना गुणगुणायच्या, ते म्हणाले, एकच ओळ. पुढची त्यांना येत नसे. मग त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मला म्हणाले की मुहंदिस, घर बरोबर झालंय. मला हे घर मंजूर आहे.

बाहेर ऊन पडलं होतं. आम्ही दुपारच्या जेवणाला थांबलो नाही.

प्रमोशन मिळालं. कामाचं नाव झालं. अबू सैफ आता आठवड्यातले तीन-चार दिवस तिथेच असतात, एकटे, आणि म्हणे फार खुशीत असतात. मधे एसीच्या सर्व्हिसिंगसाठी मला तिथे जावं लागलं. बागेत एक नवा माणूस होता, जतकडचा. गावाकडची भाषा ऐकून बरं वाटलं. मी दाराकडे निघालो तशी त्याने खुरपं टाकलं आणि मला बाजूला घेतलं.

"सायेब, आत जाताय खरं, पर जपून," तो म्हणाला. "घरात दोन भुतं हायती. म्हातारी लई चांगली हाय, कुणाला तरास न्हाई. पर तिच्यासंगं एक बाप्या हाय. खान सांगतोय, लई भेकड हाय. लहान पोरावानी रडतंय. त्याचं तोंड बघू नगा."

मी त्याचे आभार मानले, आणि त्याला तोंड दिसू नये म्हणून बोलता बोलता टोपी जरा पुढे ओढली.